आवाजाचा नंबर

टेप उघडायला घेतला तेव्हा बाळ्याचा आत्मविश्वास नुसता उतू चालला होता. चष्म्याच्या दुकानात काड्या बसवण्यात आणि धड डोळ्यांना दिसणारही नाहीत असले स्क्रू फिरवण्यात त्याची हयात गेलेली. खांद्याला अडकवायचा एक म्हातारा कॅसेट प्लेअर म्हणजे त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाला घरात अजून बाळ्याच म्हणत, कारण आत्या तसं म्हणायची, आणि आत्याने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती.

टेप आत्याचाच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तिने तो घेतला होता. त्यात एकच कॅसेट असायची, आणि त्या कॅसेटवर आत्याची आई, म्हणजे बाळ्याची आजी, गुणगुणत होती. शब्द फारसे नव्हतेच. जाड, दमदार, सावकाश आवाज, मागे भांड्यांची खुडबुड, आणि मध्येच एक घोगरा पुरुषी आवाज म्हणायचा, "भूक लागली." तो आजोबांचा. आजोबांच्या भुकेची घरात इतकी थट्टा चालायची, की त्यांना न पाहिलेली नातसूनही त्यात सामील झाली होती.

गेली काही वर्षं आत्या एकेक गोष्ट विसरत चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या, मग जेवण. तिला जेवायचं असतं हेच तिच्या लक्षात राहीना. पण टेप लावला की आजीचा आवाज यायचा आणि आत्या शहाण्या मुलीसारखी तोंड उघडायची. "आई गातेय," ती म्हणायची. आणि तो घोगरा आवाज आला की म्हणायची, "बाबा आले. आवरा लवकर." तेवढ्या वेळात बाळ्याची बायको वाटीभर सूप तिच्या पोटात घालायची.

त्या आठवड्यात टेप बंद पडला आणि आत्याने तोंड मिटलं. समजावून झालं, चिडून झालं. ती दाराकडे बघत बसायची आणि म्हणायची, "आई येऊ दे." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. टेप दुरुस्त करणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी त्याने स्वतःच जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

आत सगळा चिकटा होता. मोटरपासून चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा वितळून त्याचं काळं डांबर झालं होतं. बाळ्याने ते स्पिरिटने पुसलं, बोटं काळी केली, मग नाक, मग टेबलक्लॉथ. एक स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली, ती काढायला फ्रिज सरकवावा लागला. पट्टा म्हणून त्याने आधी भाजीच्या जुडीचं रबर लावून पाहिलं, तर कॅसेट उचकी लागल्यासारखी बोलू लागली. शेवटी दुकानातल्या सटरफटरच्या डब्यात एक बारीक रबरी कडं सापडलं, ते चपखल बसलं. चाक गरगर फिरलं. बाळ्या मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत टेप घेऊन आत्याच्या खोलीत गेला. मागोमाग बायको सूप घेऊन आली.

बटण दाबलं. आवाज आला तो लख्ख, पातळ, चटपटीत. आजीच्या आवाजातला तो जाडपणा कुठे म्हणून नव्हता.

आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही आई नाही."

"आत्या, तीच कॅसेट आहे."

"ही मी आहे," आत्या म्हणाली. "आई कुठे गेली?"

बायकोने चमचा पुढे केला. आत्याने तोंड मिटून घेतलं.

बाळ्याने कान देऊन ऐकलं आणि त्याचं डोकंच चालेनासं झालं. खरंच, हा आत्याचा आवाज होता. एक्स्चेंजमध्ये "नंबर सांगा" म्हणणारा, त्याला अंगणातून हाक मारणारा. म्हातारा पट्टा वर्षानुवर्षं सैल होत गेला, टेप रेंगाळत गेला, आणि त्या रेंगाळण्यात तरुण आत्याची हळूहळू आजी झाली. इतकी हळू, की घरात कुणाला पत्ताही लागला नाही. तो हे बायकोला सांगणार, तेवढ्यात कॅसेटवर एक पोर कुरकुरलं, "भूक लागली."

आजोबा नव्हतेच ते. घरात तेव्हा पोर एकच होतं.

"अहो, दुरुस्त झालाय ना तो?" बायकोने विचारलं.

"झालाय."

"मग बिघडलंय काय?"

"तेच कळत नाही," बाळ्या म्हणाला, आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं. इतकी वर्षं ज्या आवाजाला आजोबा म्हणून हसलो तो आपण स्वतः, याचं हसू येत होतं आणि रडूही. आत्या गात होती, आपण तिच्या पायाशी होतो. हे आपल्याला आठवायला हवं होतं, पण काही म्हणता काही आठवत नव्हतं. त्याला ते परत परत ऐकावंसं वाटलं. एकीकडे सूप निवत चाललं होतं, आत्या दाराकडे बघत होती, आणि तिची आई आपणच घालवून बसलो, अशी चोरट्यासारखी भावना त्याला छळत होती.

टेप बरोबर चालत होता. आता तो पुन्हा चुकवायचा म्हणजे दुरुस्ती म्हणायची की मोडतोड? पण दुकानात तरी तो दुसरं काय करत होता? डोळे तपासायचं मशीन एक नंबर सांगतं, गिऱ्हाईक भिंग डोळ्यांपुढे धरून दुसराच सांगतं, आणि चष्मा शेवटी गिऱ्हाइकाच्या नाकावर बसायचा असतो.

मोटरच्या पाठीला एक बारीक भोक होतं, आत वेग कमीजास्त करायचा स्क्रू. बाळ्याने चष्म्याचा सगळ्यात बारीक पेचकस त्यात घातला आणि आत्यासमोर स्टुलावर बसला.

"आत्या, नीट ऐक. हे बरं, की आधीचं?"

आत्या सावरून बसली. "दोन्ही वाईट."

त्याने स्क्रू जरा फिरवला. "आणि हे?"

"ही मावशी."

"आता?"

"थांब. हं. अजून थोडं."

आवाज जाडावत गेला. आपलं पोरपण आपल्याच हाताने बुजवतोय असं बाळ्याला वाटलं, आणि बोटं थबकली. आत्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने आणखी एक फेर दिला.

"आली," आत्या म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.

बायकोने पहिला चमचा दिला, मग दुसरा. आत्या मान डोलवत गिळत होती. बाळ्याने पेचकस काढून खिशात ठेवला. आता तो घोगरा आवाज येणार आणि आत्या म्हणणार, बाबा आले. तो वाट बघत बसला. आवाज आला, "भूक लागली."

आत्या बाबा आले म्हणाली नाही. तिने बायकोच्या हातातला भरलेला चमचा घेतला, आणि थोडं सूप चादरीवर सांडत, बाळ्याच्या तोंडापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "मगाशी म्हणत होतास ना."

कुठलं मगाशी, हे बाळ्याला कळेना. घटकाभरापूर्वीचं, का तेव्हाचं? तो आवाज आपला, हे तिला आताच समजलं की पहिल्यापासून माहीत होतं? विचारून उपयोग नव्हता. टेपमध्ये तिची आई गात होती. बाळ्याने तोंड उघडलं.