कपाटाशेजारची भिंत

धाकटीनं ओला फडका पिळला आणि भिंतीवरचा डाग पुन्हा घासायला घेतला. आबांच्या खोलीला नुकताच रंग दिला होता. तरी कपाट आणि दार यांच्या मधल्या पट्टीत, तिच्या डोक्याच्या उंचीवर, तळहाताएवढा पिवळट डाग परत उमटला होता. केसांचं तेल. आधी प्रायमरचं अस्तर दिलं नाही की ते नव्या रंगातूनही वर येतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या धाकटीला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. फक्त आबा दिवसभर नेमके तिथेच बघत.

"पुसत काय बसलीस?" पलंगावरून आबा म्हणाले. "तिला आधी बसायला सांग. केव्हाची उभी आहे."

"कोणी नाहीये, आबा."

"मावशी आहे की."

धाकटीनं पडदे ओढून पाहिले होते, आरसा झाकला होता, दिव्याची जागा बदलली होती. त्यांची नजर तिथून हलली नव्हती.

बेल वाजली. नवी केअरटेकर आली होती. धाकटीची रजा आज संपत होती. ही नाही म्हणाली तर उद्या आबांजवळ कोणी नव्हतं. परगावी राहणारा मोठा भाऊ फोनवर होता, स्पीकर लावून.

"आठ तास काम," पिशवी खांद्यावरच ठेवून बाई म्हणाली. "वर थांबले तर जादा पैसे. आठवड्याची सुट्टी. पगार सरकारनं ठरवलाय त्याच्या खाली नाही. आणि हे सगळं लिहून."

"अहो ताई, तुम्ही आता आमच्या घरच्याच!" दादा हसला. "घरच्या माणसाला कसला ओव्हरटाइम?"

"घरची माणसं आहेत मला, साहेब. त्यांच्यासाठीच वेळेवर सुटायचंय."

धाकटीनं हसू गिळलं.

"आमच्या आधीच्या मावशी रात्रंदिवस असायच्या," दादा म्हणाला. "इतक्या वर्षांत चकार शब्द काढला नाही."

"कुठे असतात त्या आता?"



"गेल्या," धाकटी म्हणाली. "इथलं काम सोडल्यावर लगेचच."

"काय झालं होतं?"

ते तिला माहीत नव्हतं. "पाय सुजायचे त्यांचे," एवढंच ती म्हणाली.

बाईनं खोलीभर नजर फिरवली. "मी बसू कुठे?"

पलंग, कपाट, औषधांचं टेबल, कमोडची खुर्ची. धाकटीनं एकेक पाहिलं. मावशी नजरेआड झाली की आबा घाबरून हाका मारत, म्हणून ती खोली सोडत नसे. रात्री खाली अंथरूण टाकायची. पण दिवसभर ती टेकायची कुठे, हे या घरात कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पलीकडे जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्याच खुर्च्या होत्या.

तिनं एक उचलून आणली. बाई बसली. फोन धरून धाकटी मागे टेकली. डोक्याला भिंत ओलसर, गार लागली.

आबांनी मान वळवली. आज पहिल्यांदाच ते तिच्या डोळ्यांत बघत होते.

"मावशी," ते म्हणाले, "तू नाही बसलीस?"

धाकटी चटकन बाजूला झाली. तिचा हात आपसूक डोक्यामागे गेला.

"ऐकतेयस ना?" फोनवर दादा. "त्यांना म्हणावं, एक महिना जुन्या पगारावर करून बघा..."

"त्या म्हणतात तसं लिहून देतेय, दादा. तुझा वाटा तेवढाच राहू दे. वरचं मी बघते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

तिनं फोन बंद केला. कागद-पेन आणायला पलीकडे गेली आणि येताना आणखी एक खुर्ची घेऊन आली. ती तिनं डागाखाली मांडली.

"ही कोणाला?" बाईनं विचारलं.

"असू दे."

पलंगाच्या कडेला बसून ती सुट्टीचा वार लिहू लागली. आबा बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. मग त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली, आणि ते हळूच म्हणाले,

"आता पाय वर घे."