एकावर एक

टिपणीससाहेब आले की धर्माला झाडांना पाणी घालायचं सोडून चतुर राखत बसावं लागे. मुरबाडच्या रस्त्यावरच्या बंगल्यात धर्मा माळी होता आणि त्या बागेत कमळांचा हौद होता. मालकांचे हे मुंबईचे भाचे सत्तावन्न सालच्या भाद्रपदात राहायला आले ते गळ्यात कॅमेरा अडकवूनच. पोरं शेपटीला दोरा बांधून उडवतात त्या चतुरांचे फोटो काढायला कुणी मुंबईहून येतं, हे धर्माच्या बायकोला, तानीला, काही केल्या पटेना. "येवढं शिकून ह्यो धंदा?" ती म्हणे. पण साहेब माणूस साधा. उजाडता उजाडता हौदाच्या काठावर पोटावर पडून राहायचे, चिखलाची म्हणून फिकीर नाही.

पाण्यातला किडा कमळाच्या देठावर चढतो, त्याची पाठ उकलते आणि आतून ओला, फिकट चतुर बाहेर येतो. पंख वाळवत बसलेल्या चतुरांचे, मागे राहिलेल्या कातीचे, सगळे फोटो साहेबांना मिळाले. पाठ उकलतानाचा तेवढा मिळेना. "धर्मा, उकलताना दिसला की मला हाक मारायची. मी काहीही करत असलो तरी," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

धर्माची यमू सात वर्षांची. साहेबांच्या मागे मागे फिरायची, भिंग धरायची, तोंडाची टकळी चालू. साहेब परत निघाले त्या सकाळी तानीने धीर केला. "सायेब, आमच्या यमूचा येक काढा ना." साहेब खुशीने तयार झाले. तानीने पोरीचे केस तेल लावून चापूनचोपून बसवले. यमू हौदाच्या काठाशी उभी राहिली, हसू दाबून, कारण साहेबांनी अजिबात हलायचं नाही असं सांगितलं होतं. कळ दाबल्याचा आवाज झाला, तोच धर्मा ओरडला, "सायेब, पाठ फाटली! ह्यो बघा, धावा!"

साहेब धावले. घाईघाईने भिंग लावलं, कळ दाबली आणि धर्माची पाठ थोपटली. धर्माला अगदी धन्य वाटलं. यमू बिचारी तशीच उभी होती. आता हललीस तरी चालेल, हे तिला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप भरला. मुरबाडला दवाखान्यात नेताना बैलगाडीतच तिने मान टाकली. लहान पोर म्हणून पुरली. अंगावरचं परकर-पोलकंही तिच्याबरोबर मातीत गेलं.

मग धर्माला भलतंच व्हायला लागलं. यमूचं तोंड त्याला आठवेना. आवाज आठवे, धावताना वाजणारे तोडे आठवत, पण तोंड आठवायला जावं तर ते निसटून जाई. बाप असून आपल्याला पोरीचं तोंड आठवत नाही, या विचाराने त्याचा जीव कासावीस होई. एकदा त्याने तानीजवळ बोलून दाखवलं, तर ती पदर तोंडात धरून म्हणाली, "मला बी नाय दिसत वो. पण फोटू येल ना." तिने भिंत सारवून घेतली, एक खिळा ठोकला. त्या खिळ्याकडे बघत दोघांनी दिवस ढकलले.

पौषात जवळच्या म्हसा गावची जत्रा भरली तेव्हा साहेब एसटीने आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि कळवणार तरी कोण? धर्मा त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे बघत राहिला. आधी फोटो हातात येऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. आधी सांगितलं तर रडू कोसळेल आणि फोटो नीट बघता येणार नाही.

साहेबांनी धर्माच्या ओट्यावर एकेक फोटो मांडला. चतुर, कात, पुन्हा चतुर. पाकीट रिकामं झालं.

"यमूचा?" धर्माने विचारलं.

"अरे, घोटाळा झाला," साहेब हसून म्हणाले. "तू हाक मारलीस, मी धावलो, आणि फिल्म पुढे सरकवायचीच राहिली. एकावर एक आले दोन्ही. माझा चतुरही गेला आणि तुझी यमूही गेली."

"तोंड दिसतं का त्याच्यात?"

"अर्धं दिसत होतं. अर्ध्यावर किडा. कशाला ठेवू तसलं? टाकून दिलं."

"अर्धं चाललं असतं सायेब," धर्मा म्हणाला.

"अर्धं कशाला? बोलव तिला, आत्ता काढू. आज फक्त तिचाच."

तेवढ्यात तानी ओले हात पदराला पुसत दारात आली. "आला का वो फोटू?" तिने हात पुढे केला.

धर्माने मान वर केली नाही. "मीच हाक मारली गो," तो म्हणाला. "मीच हाक मारली."

साहेबांना वाटलं, त्याने यमूलाच हाक मारली. ते कॅमेऱ्याचं झाकण काढून हौदाकडच्या वाटेवर नजर लावून उभे राहिले.