काटे काढलेला निरोप

बाळांनो, डोळे मिटा आणि एक आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. झाडांहून उंच, नवाकोरा, पहिल्या फेरीसाठी सजून उभा. त्याच्या पायथ्याशी छोटी उभी आहे, पण त्यात बसायला ती पुढे होत नाही. का, ते ऐका.

छोटीची आई त्या खेळबागेची प्रमुख. तिच्या हाताखाली दोन मोठे अधिकारी. यंत्रं सांभाळणारे काका काटकुळे, बोलणं धारदार. बाग चालवणारे काका गोलमटोल. दोघांचं सख्य असं, की माघारी सगळे त्यांना विळा आणि भोपळाच म्हणत. ते एकमेकांशी बोलतच नसत. एकाचा निरोप दुसऱ्याला आई द्यायची, आणि देताना त्यातले काटे काढायची. टोमणे गाळायची, धमक्या पुसायची. कचेरीत त्यामुळे शांतता होती, आणि आईला तिचा अभिमान होता.

पहिल्या फेरीच्या सकाळी गाडीत विळाकाकांचा फोन आला, आईने तो स्पीकरवर घेतला. छोटी मागे बसून ऐकत होती.

"मधल्या आसाचं बेअरिंग तडकलंय. ते बदलल्याशिवाय माणूस बसवायचा नाही. आणि त्या भोपळ्याला सांगा, वरून गडगडलास तर झेलायला मी येणार नाही."

कचेरीत आईने भोपळाकाकांना सांगितलं, की पाळण्याचा जरा आवाज येतोय, सवडीने बघून घ्या. छोटीने नंतर हळूच विचारलं, तर आई म्हणाली, "अगं, ते नेहमीच राईचा पर्वत करतात. जसंच्या तसं सांगितलं तर इथे आग लागेल."

दुपारी रिकामा पाळणा एकदा फिरवला. वर कुठेतरी कुणी कण्हावं तसा आवाज आला. तरी आई आणि भोपळाकाका पहिल्या फेरीसाठी पाळण्याच्या डब्यात जाऊन बसले. विळाकाका कठड्याशी हाताची घडी घालून उभे होते. इतकं सांगूनही आपलं कुणी ऐकलं नाही, या रागात त्यांनी तोंड घट्ट मिटलं होतं. पण त्यांचे ओठ पांढरे पडलेले छोटीला दिसले.

"ये गं, जागा आहे," आईने हसून हात पुढे केला.

बोलावं, तर चारचौघांत आईची मान खाली जाणार. न बोलावं, तर आई वर जाणार.

ती पुढे गेली, पण बसली नाही. डब्याच्या दारात तिने पाय घातला.

"विळाकाका," ती म्हणाली. हे नाव त्यांच्या तोंडावर कुणी घेत नसे. "सकाळी आईला जे सांगितलंत, ते इथे येऊन सांगा. काटे न काढता."

काका आले. त्यांनी सांगितलं. भोपळाकाकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आस? मला तर जरा आवाज येतोय, एवढंच कळलं."

"जरा?" विळाकाका म्हणाले.

मग दोघांनी, कितीतरी दिवसांनी एकमताने, आईकडे पाहिलं. आधी आई उतरली.

छोटीने मात्र भोपळाकाकांचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत दारातला आपला पाय काढला नाही.