रोलर जमा करण्याबाबत

बंड म्हटलं की लोकांना धावपळ आठवते. माझ्या धाकट्या भावाने केलेलं बंड माणसाच्या चालीने चाललं, आणि मी, दुखऱ्या गुडघ्यांची बाई, त्याच्या शेजारून कुरकुरत चालत होते.

आमचं वर्कशॉप वडलांपासूनचं. डंपर, क्रेन, रोलर अशी अवजड यंत्रं दुरुस्त करायची. तीन वर्षांपूर्वी पालिकेने सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्याकडेने भिंत बांधत आणली आणि आमच्या फाटकासमोरूनही तशीच पुढे नेली. डोक्याहून उंच भिंत, त्यावर रंगवलेली फुलं, पोपट आणि एक हसरा सूर्य. माणूस अंग चोरून आत-बाहेर करील एवढी फट तेवढी ठेवली. डंपरला अंग चोरता येत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

भावाने अर्जांवर अर्ज केले. उत्तर ठरलेलं: स्थळपाहणी करून निर्णय घेऊ. सरकारी काम आणि सहा महिने थांब, इथपर्यंत आम्हीही समजून घेतलं असतं. पण स्थळ पालिकेपासून चालत अर्ध्या तासावर, आणि तीन वर्षांत एक माणूस बघायला फिरकला नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की खाली कोण उतरतो?

गंमत म्हणजे भिंत बांधली तेव्हा पालिकेचाच रोलर आमच्या आवारात दुरुस्तीला आलेला होता. शहाण्यांनी स्वतःचाच रोलर कोंडून ठेवला. शेजारीपाजारी पोट धरून हसले. भाऊ हसला नाही. कामं बंद पडली, कारागीर सोडून गेले. भावजय वेल्डिंग शिकली आणि फटीतून नेता येतील अशा खुर्च्या, खिडक्यांच्या जाळ्या करून घर चालवू लागली. भाऊ मात्र रोज सकाळी तो रोलर चालू करायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि बंद करायचा.

मग नोटीस आली. आपल्या ताब्यातला रोलर त्वरित जमा करावा, अन्यथा फौजदारी कारवाई होईल. चोराच्या उलट्या बोंबा! मी तो कागद फाडायलाच निघाले होते. भावाने तो माझ्या हातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाला, "एवढंच ना? नेऊन देतो की."

मला वाटलं, चला, राग निवळला. मोठी बहीण म्हणवते, पण एवढंही कळलं नाही मला.

नंतरचे काही दिवस तो रोलरभोवतीच असायचा. मग एका सकाळी भावजय माझ्याकडे आली, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"वन्सं, यांनी सगळ्या किल्ल्या मला दिल्या. कुठली कशाची ते समजावूनसुद्धा सांगितलं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तेवढ्यात भिंत पडली.

आम्ही धावत गेलो तर हसरा सूर्य विटांचा ढीग होऊन पडला होता आणि त्यावरून रोलर रस्त्याला लागत होता. बसायच्या जागेभोवती भावाने चहूकडून लोखंडी पत्रे लावले होते. समोर आणि मागे बघायला एकेक चीर, बाजूला वीतभर जाळी. जाळीतून त्याचा चेहरा दिसत होता, अगदी शांत.

"थांब म्हणते ना!" मी ओरडले.

"ताई, तू घरी जा. तुझे गुडघे दुखतील."

"माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी असेल तर बंद कर ते धूड!"

रोलर चालतच राहिला. मी एका बाजूने, भावजय दुसऱ्या बाजूने, अशी आमची वरात निघाली. मी त्याला शिव्या घातल्या, वडलांची आण घातली, विनवण्या केल्या. भावजय तिकडून रोजच्यासारखं बोलत होती: थोरलीचा दात दुखतोय, डॉक्टरकडे कधी न्यायची, पाण्याची मोटर पुन्हा आवाज करतेय. चौकात पुढाऱ्यांच्या फोटोंची कमान होती, ती आडवी झाली. पालिकेच्या फुलझाडांच्या कुंड्यांचा चुरा झाला. एक पोलीस मोटरसायकलवरून आला, पण इतक्या हळू त्याला गाडी चालवता येईना. दोनदा तोल गेल्यावर तो उतरला आणि गाडी ढकलत आमच्याबरोबर चालू लागला.

"यांना बाहेर काढा ना," तो घाम पुसत मला म्हणाला. "दार कुठल्या बाजूला आहे?"

मी दार शोधू लागले. चालता चालता मागून-पुढून सगळं बघितलं. वेल्डरची लेक आहे मी, जोड ओळखते. शेवटच्या पत्र्याला बाहेरून टाका नव्हता. तो आतून जोडलेला होता. दार ठेवलंच नव्हतं.

पालिका पाडायची आणि त्यातच संपायचं, असं ठरवून निघाला होता तो. मी आजवर कधी एवढी घाबरले नव्हते. भावजयीला म्हटलं, "तू बोलत राहा त्याच्याशी," आणि मधल्या गल्लीने पळत सुटले. त्या रोलरच्या संथपणाचे मी आजही उपकार मानते.

पालिकेत बातमी आधीच पोहोचली होती. कारकून मागच्या दाराने निघून गेले होते. अभियंता साहेब तेवढे खोलीत, फोन कानाला लावून उभे. भिंतीच्या कामावर सही त्यांचीच.

"बाई, बाहेर व्हा. पोलीस बघून घेतील."

"काय बघणार पोलीस? त्याने स्वतःला आत वेल्ड करून घेतलंय. दार नाही त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे तो परत यायला निघालेला नाही, साहेब." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. भांडायला गेलेली मी, त्या परक्या माणसासमोर पदराने तोंड दाबून रडले. "तुम्ही बघायला येणार म्हणून तीन वर्षं थांबला तो. एकदा, फक्त एकदा यायचं होतं कुणीतरी."

साहेबांनी फोन खाली ठेवला. बाहेर पालिकेचं फाटक कोसळल्याचा आवाज झाला. मागचं दार त्यांनाही मोकळं होतं. तरी ते माझ्यामागून बाहेर आले, हे मी कुणालाही सांगेन. अंगणात त्यांची मोटार उभी होती. आमच्या डोळ्यांदेखत ती चपटी झाली आणि रोलर पायऱ्यांकडे वळला. पहिली पायरी फुटली.

साहेब रोलरच्या समोर उभे राहिले नाहीत, तेवढे ते शूर नव्हते. बाजूला जाळीपाशी गेले आणि घसा ताणून म्हणाले, "चला, मला जागा दाखवा."

रोलर थबकला. इंजिन धडधडत राहिलं.

"कधी?" आतून आवाज आला.

"आत्ता. तुमच्याबरोबर. चालत."

पलीकडून भावजय म्हणाली, "अहो, साहेब येतायत म्हणतात. घरी चला."

रोलरला वळून परतावं लागत नाही. तो जसा पुढे जातो तसाच मागे येतो. पायरीवरून तो हळूहळू मागे सरकू लागला, तेव्हा मी देवाला आठवायचं सोडून त्या पोलिसाच्या दंडाला धरलं.

अर्ध्या तासाचा रस्ता साहेब चालले, फुटक्या कुंड्यांमधून वाट काढत. आमच्या भिंतीपाशी येऊन ते विटांवर चढले आणि आत बघत राहिले. अर्धवट उघडलेली यंत्रं, गंजलेली क्रेन, भावजयीच्या खुर्च्यांची रांग, दोरीवर पोरींचे कपडे.

"नकाशात ही मोकळी जागा दाखवली होती," ते म्हणाले.

"याच मोकळ्या जागेत लग्न होऊन आले मी," भावजय म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भिंत इथे यायला नको होती. ती पुन्हा बांधली जाणार नाही. तसं मी आजच लिहून देतो." आणि जाळीकडे वळून, "बाकी जे मोडलंत, त्याची शिक्षा मात्र तुम्हाला भोगावी लागेल."

"भोगीन," भाऊ म्हणाला.

इंजिन बंद झालं. एवढी शांतता झाली की पोलिसाने खाकरायचंही टाळलं. मी जाळीला तोंड लावलं. आत तो घामाने निथळत होता, ओठ सुकलेले, आणि लहानपणी चूक कबूल करताना बघायचा तसा माझ्याकडे बघत होता.

"ताई, ग्राइंडर आण," तो म्हणाला. "मला बाहेर यायचंय."

भावजय हे ऐकायला थांबली नव्हती. ती केबल ओढत येतच होती. साहेबांनी न सांगता पत्र्याचं एक टोक धरलं, पोलिसाने दुसरं. तिने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि जाळीतून आत म्हणाली, "डोळे मिटा हं, ठिणग्या उडतील."

त्याने डोळे मिटले.