साडेसत्तावीस इंचांवरचा डाग

टेपवरचा तो काळा डाग नेमका साडेसत्तावीसच्या आकड्यावर बसला होता – गाडीचा पट्टा लावताना मान खाली घातली तेव्हा तिला दिसला. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. शिवणयंत्रावरून उठून ती तशीच स्टिअरिंगमागे येऊन बसली होती. शेजारी नवरा. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच, आणि चेहरा पोराचा निकाल बघायला आलेल्या बापासारखा. तिने टेपचं टोक हळूच कॉलरखाली सरकवलं. चोराच्या मनात चांदणं.

"निघ आता. आज कळेल तुला ही गाडी काय चीज आहे ते," तो म्हणाला.

चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर बदलायचे. गाडी दांडगी, पण ऑटोमॅटिक – आणि ऑटोमॅटिक का, तर, ती मनाशी म्हणायची, माझ्या गुडघ्यामुळे. वीस वर्षं मशीन हाणून डावा गुडघा असा गेलाय की क्लचचं नाव काढलं तरी कळ येते... म्हणजे सिग्नलवरून गाडी उडी घेत नाही याचं मूळही फिरून मीच. जेवताना तो वाटी आणि बशी फिरवून समजावायचा: इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे तीन पॉइंट पंचावन्न फेरे झाले की चाकाचा एक. हा आकडा वाढवला की गाडी सुसाट सुटते. फक्त हायवेला इंजिन जरा जास्त फिरतं... हे शेवटचं वाक्य तो नेहमी तोंडात घास असताना म्हणायचा.

"चार तीस टाक रे दादा, होऊन जाऊ दे!" दीर म्हणायचा. त्याची स्वतःची सायकल होती.

"त्यापेक्षा हॉर्न नीट कर आधी," सासूबाई.

मग एका रविवारी आत्ताचा आकडा खात्रीने मोजायला दोघे भाऊ गाडीखाली शिरले, माझाच खडू घेऊन. एक चाक उचललं, चाकावर रेघ, शाफ्टवर रेघ, चाकाचा एक फेरा, आणि शाफ्टचे निघाले – पावणेदोन! दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं. "दादा, आपल्याला कुठल्यातरी ट्रॅक्टरचा नाहीतर विमानाचा अ‍ॅक्सल चिकटवलाय." शेवटी मिस्त्री आला, वाकला, आणि पोट धरून हसला. "साहेब, दुसरं चाक जमिनीवरच होतं ना? मग दुप्पट करा की!" त्यानंतर दीर आठवडाभर आमच्याकडे जेवायला आला नाही. वाईटातून चांगलं निघतं ते असं.

आणि मग ठरलं. तीन एक्क्याण्णव. ऑर्डर गेली.

त्या रात्री – नाही, रात्री कसली, दुसऱ्या दिवशी सकाळी, हायवेवर – तिला कळलं, हे आपल्याला महागात पडणार. कारण हा रस्ता तिचा होता. घर ते दुकान, रोज पन्नास मिनिटं, नव्वदचा वेग, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पावणेतीन हजारांवर, आणि गाडीत ती एकटी. इथे ती भांडायची. मोठ्याने. सासूबाईंशी, दिराशी, उधारीचे ब्लाउज नेणाऱ्या बाईशी, नवऱ्याशी तर यथासांग. आणि प्रत्येक भांडण ती जिंकायची. घरी तोंडातून शब्द फुटायचा नाही, तो इथे असा फुटायचा की ऐकत राहावं. पण तीन हजारांच्या वर काटा गेला की ही गाडी घुमायला लागते, रिकाम्या पिंपात तोंड घालून कोणी ओरडावं तशी. तीन एक्क्याण्णव म्हणजे नव्वदला तीन हजारांच्या पार. म्हणजे मी जिंकणार, आणि मलाच ऐकू येणार नाही!

हे कोणाला सांगायचं? कसं सांगायचं?

सांगितलंच नाही. आयुष्यभर ती एकच शास्त्र शिकली होती – कापड आटलं तर घेर वाढवायचा. तीन पंचावन्नचे तीन एक्क्याण्णव, म्हणजे दहाला एक वाढ. मग चाकही दहाला एक वाढवलं तर एका फेऱ्यात तेवढंच पुढे जाईल, आणि झालं ते न झाल्यासारखं... पंचवीस इंच उंचीचं चाक, अधिक अडीच. ती टायरच्या दुकानात गेली, टेप लावली, साडेसत्तावीस. "वाढदिवसाची भेट," तिने घरी सांगितलं. तो गहिवरला. टायर मडगार्डला घासत नाही ना, हे बोट घालून तिनेच पाहिलं. मग गिअरही बसले, आणि आज ही चाचणी.

"दाब!" नवरा ओरडला. तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"बघितलंस? पाठीला धक्का बसला की नाही?"

"बसला."

"ही उडी आधी होती?"

"छे!"

नव्वद. काटा पावणेतीन हजारांवर येऊन शहाण्या मुलासारखा बसला. गाडीत शांतता. रेशमी, अस्तर लावलेली शांतता. तिला टाळी वाजवावीशी वाटली, खिडकी उघडून टेप झेंड्यासारखी फडकवावीशी वाटली... जिंकले! आणि या वेळी खरोखरच, समोर माणूस बसलेला असताना!

पुढे रस्त्याकडेला येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारी पाटी होती. मिस्त्री म्हणाला होता, गिअर बदलले की स्पीडोमीटर खोटं बोलेल, त्याचीही छोटी चक्री बदलावी लागेल. ती चक्री जुनीच होती, तरी पाटीवर उमटलं नव्वद. गाडीतही नव्वद. नवऱ्याने पाटी पाहिली, वेगाचा काटा पाहिला. वही मिटली.

वही का मिटली?

कॉलरखाली टेप टोचत होती. तिने ती ओढून काढली, मांडीवर टाकली, आणि डाग पुन्हा दिसला. ग्रीसचा. पण टायर तर कोरे होते, दुकानातले... कोऱ्या टायरला कुठलं ग्रीस? डाग अंगठ्याएवढा रुंद होता, आणि मधून तिरकी पांढरी रेघ. बॉनेटमध्ये सापडून कापलेला अंगठा या घरात एकाचाच आहे.

म्हणजे यांनी मोजलं होतं. कधी? गिअर बसवायच्या आधी? म्हणजे ऑर्डर बदलून चार तीस मागवता आले असते, आणि तरी यांनी तीन एक्क्याण्णवच बसवले...

"फरक पडला ना?" तो समोर बघतच म्हणाला.

एवढ्या वर्षांत या रस्त्यावर तिने पहिल्यांदाच क्षणभर शेजारी वळून पाहिलं. गाडी इतकी गप्प होती की त्याचा श्वास ऐकू येत होता, तिचाही. आणि ती हरली की जिंकली हे कळत नसताना तिला हसू आवरेना. तिने वेग नव्वदवरच ठेवला. दुकानाचं वळण मागे गेलं, तरी दोघांपैकी कोणी ते दाखवलं नाही.