फरशी चकचकीत आणि पिन बारीक

आमच्या खोलीत लेथ चार, त्यांपैकी चालू एक. शिकणारी मुले-मुली एकोणीस. डोळ्यांवर लावायचे चष्मे सात, त्यांतल्या दोन चष्म्यांना काच नाही. भिंतीवर सुरक्षिततेच्या पाट्या पाच आणि 'हात लावू नये' अशी पाटी एक. ती माझ्या गळ्यात आहे.

मित्रांनो, चालू असलेला तो एक लेथ म्हणजे मी. मी लोखंडाचा दांडा जबड्यात घट्ट धरून गरगर फिरवतो आणि धारदार हत्यार त्याचा कीस काढत जाते. ओतशाळेत माझे अंग ओतले, तेव्हा ते बरेच महिने उन्हापावसात मुरू दिले होते, पुढे वाकू नये म्हणून. मग कित्येक वर्षे मी पालिकेच्या पंपघरात राबलो. तिथला म्हातारा मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हा गडी शब्दाचा पक्का!"

नंतर माझी बदली पालिकेच्या प्रशिक्षण केंद्रात झाली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

इथे पाहुणे फार येतात. पाहुण्यांना फरशी चकचकीत लागते. लोखंड कापताना ते तापू नये म्हणून माझ्या नळीतून दुधाळ पाणी पडते, पण त्याने फरशीवर डाग पडतात. म्हणून केंद्राच्या सरांनी ती नळीच बंद केली. मला रोज पुसतात, हे खरे. पण तहानलेल्याचे नुसते तोंड पुसून काय होणार?

मग व्हायचे ते झाले. मुलांनी माझ्यावर कातून काढलेली प्रत्येक पिन बारीक निघू लागली. पिन, म्हणजे लोखंडाची गोल खुंटी, हवी पंचवीस मिलिमीटर जाड. मिलिमीटरचा एक शतांश कमी किंवा एक शतांश जास्त चालतो, त्यापलीकडे नाही. मुले मोजत तेव्हा माप बरोबर. सर चहा पिऊन येत आणि मोजत, तेव्हा २४.९८! आणि खापर कोणावर? माझ्यावर.

"म्हातारं झालंय मशीन, माप धरत नाही," सर म्हणायचे.

मी शब्दाचा पक्का! संतापाने माझा पट्टा करकरायचा, तर सर म्हणायचे, "बघा, आवाज पण करतंय."

त्या मुलांत एक मुलगी होती. कोणी काही सांगितले की ती विचारायची, 'कशावरून?' तिचे नावच तसे पडले होते.

"सर, मी काढली तेव्हा पिन पंचवीसच होती. मशीनचंच चुकलं, कशावरून?"

"मग काय, आमचा चहा होईस्तोवर पिन उपाशी राहून वाळली?"

सगळे खिदळले. तीही हसली, पण तिने पिन मुठीत घेतली आणि चटका बसून लगेच सोडली. मग ती थोड्या थोड्या वेळाने मोजत बसली. पिन निवत गेली तशी बारीक होत गेली. तापलेले लोखंड फुगते, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचले होते. पण पुस्तक वरच्या मजल्यावरच्या वर्गात आणि मी खाली, आमची गाठ कोण घालून देणार?

शेवटची परीक्षा आली. जिची किंवा ज्याची पिन बरोबर, तिला किंवा त्याला पंपघरात वर्षभर पगारी अनुभवाचे काम. जागा एकच. 'कशावरून'ला घरून निरोप होता, "नाही जमलं तर मामाच्या दुकानात खोकी काढायला बस." तिथे 'कशावरून' विचारायची सोय नव्हती.

सगळ्यांनी घाईने पिना काढल्या, गरमच मोजल्या, पंचवीस आल्या म्हणून टाळ्या दिल्या. तिची पाळी शेवटची. तिने नळी उघडायची परवानगी मागितली.

"फरशी आत्ताच पुसलीय गं बाई!" सर म्हणाले.

तेव्हा तिने पिन किंचित जाड ठेवली, मला बंद केले आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"ए कशावरून, झोप लागली का?" मागून एक मुलगा म्हणाला.

"अगं, घड्याळ बघ! वेळ संपतेय," सर ओरडले.

"निवू द्या, सर. मग शेवटचा हात फिरवते."

ती थांबली आहे तोवर, मित्रांनो, एक विनंती करतो. यंत्राची निगा म्हणजे यंत्र पुसणे नव्हे. त्याला तेल द्या, पाणी द्या, काम द्या. आणि काही बिघडले की आधी त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका.

तिने पिनेला हात लावून पाहिला. मग मला सुरू केले आणि केसाएवढा कीस हलक्या हाताने काढला. सर चहा पिऊन आले. ओळीने पिना मोजू लागले. २४.९८. २४.९८. २४.९७. शेवटी त्यांनी तिची पिन उचलली, मापकाचे जबडे पुसले आणि उजेडाकडे धरून आकडा वाचला.

२४.९९.