निशिगंधाचा रिपोर्ट

माझी आई म्हणते, रसिकाच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे ते. आणि अशी मी, कोपरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबच्या अद्वय सरांनी आम्हाला ट्रेनिंग दिलं. प्रत्येकाने आपलाच पासवर्ड वापरायचा, उठताना स्क्रीन लॉक करायची, काम नसताना कुणाचा रिपोर्ट उघडायचा नाही. आम्ही समोसे खाल्ले, कागदावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळ्याजणी माझ्या शेजारी बसणाऱ्या सोनलच्याच पासवर्डने कामाला लागलो. तो कीबोर्डखाली चिकटवलेला होता. इथे कोण चोर येणार आहे, असं मीच म्हणाले होते.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली निशिगंधा रक्त देऊन गेली. जाताना म्हणाली, "फोन नको करूस हां, मीच येऊन घेईन." मला वाटलं, लाजतेय. दुपारी सोनल जेवायला उठली, स्क्रीन उघडीच होती, आणि मी निशिगंधाचा रिपोर्ट पाहिला. दिवस गेले होते तिला. तिच्या आणि कमलेशच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

घरी जाताना तिची सासू ठमाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी सांगून टाकलं.

"खरा सांगतंस गो?" म्हणत तिने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेढे फिरले. पहिला मलाच मिळाला.

तिसऱ्या दिवशी निशिगंधा काउंटरपाशी आली. आवाज चढवला नाही तिने. "याआधी दोनदा मिसकॅरेज झालंय, रसिका. मी आणि कमलेश सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तीन महिने होईपर्यंत सासूलाही सांगणार नव्हतो."

महिन्याभरात हेही गेलं. ज्या बायकांनी पेढे खाल्ले होते, त्याच एकेक करून तिला भेटायला गेल्या. काय उचललंस, काय खाल्लंस, विचारून आल्या. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? तिने लॅबमध्ये तक्रारही केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पाणी प्यायला उठले तरी मी स्क्रीन लॉक करते. कीबोर्डखालचा कागद मीच फाडला. यंदाच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी विचारलं, "नियम पाळावेसे कशामुळे वाटतात तुम्हाला?" कुणी मेमो म्हणालं, कुणी कॅमेरा. सर म्हणाले, "रसिकाकडून शिका जरा." टाळ्या वाजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा निशिगंधा पुन्हा रक्त देऊन गेली. रिपोर्ट सोनलने छापला, पाकिटात घालून चिकटवला. मी पाहिला नाही. देवाशपथ पाहिला नाही.

संध्याकाळी ती आली. मी पाकीट पुढे केलं. तिने ते उलटं करून चिकटवलेली कड बोटाने चाचपली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मी नाही बघितला गं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पाकीट न उघडताच पर्समध्ये घातलं आणि बाहेर पडली. आमची गल्ली उजवीकडे होती. ती डावीकडे वळली.